गर्भातले काळे ठिपके

१

एक्केचाळीस काचपट्ट्या होत्या आणि एकीवरही काळा ठिपका उरला नव्हता.

विशाखा दोंदेचं संशोधन तपासायला विद्यापीठाने मुंबईहून डॉ. वर्टींना पाठवलं होतं. सकाळी दहाला त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि साडेबाराला बाजूला केला. मग विशाखाची नोंदवही पुढे ओढून तिच्या चित्रांच्या पानावर लाल शाईने लिहिलं : ‘चित्रांत दाखवलेले ठिपके प्रत्यक्ष काचपट्ट्यांवर नाहीत. नोंदी काल्पनिक असाव्यात.’ खाली सही आणि तारीख, ११ जानेवारी १९८३.

विशाखाने स्वतः डोळा लावून पाहिलं. एक पट्टी पाहिली, दुसरी पाहिली, दहावी पाहिली. प्राचार्यांनी पट्ट्यांची पेटी बंद करून आपल्या कपाटात ठेवली आणि मला बोलावणं धाडलं.

मी वत्सला कोठावदे. माहेर सटाण्याचं, पण नाशिकच्या या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून मला सव्वीस वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी प्रश्नपत्रिका कुठून फुटतात ते मी शोधून काढलं होतं, तेव्हापासून कॉलेजात काही हरवलं की लोकांना माझी आठवण येते. एरवी माझ्या तिखट जिभेमुळे मला कोणी चहालाही बोलावत नाही.

"कोठावदेबाई," प्राचार्य म्हणाले, "डॉ. वर्टी बावीस तारखेला, शनिवारी परत येतात. तोपर्यंत काही स्पष्टीकरण मिळालं तर ठीक. नाहीतर मुलीची नोंदणी रद्द, शिष्यवृत्ती बंद, आणि कॉलेजाच्या तोंडाला काळं."

"पेटी उघडा," मी म्हणाले.

मी पट्ट्या उजेडात धरल्या. सगळ्या आरशासारख्या लख्ख, कडा स्वच्छ, चिठ्ठ्या एका रेषेत चिकटवलेल्या. मला प्राणिशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, पण इतकं सुबक काम मी कॉलेजात क्वचितच पाहिलं होतं. आत खोटेपणा असेल, तर तो फार मेहनतीचा खोटेपणा होता.

२

विशाखा प्रयोगशाळेशेजारच्या अडगळीच्या खोलीत बसायची. तीच तिची संशोधनाची खोली. बी.एस्सी.ला पहिली आलेली, वय चोवीस, अंगात साधं सुती पातळ.

"मॅडम, मी रडणार नाही," मी आत शिरताच ती म्हणाली. "रडले की म्हणतील, पकडली गेली म्हणून रडते."

"रडू नकोसच. मला तुझं काम समजावून सांग. मी रसायनवाली आहे, त्या बेताने सांग."

तिने छान सांगितलं. गांडूळ मातीत कोश टाकतं, ज्वारीच्या दाण्याएवढा. आत गर्भ वाढतो. वाढताना त्याला काही पेशी थोड्याच दिवसांपुरत्या लागतात. काम झालं की त्या पेशी स्वतःचाच एकेक भाग पचवत जातात आणि नाहीशा होतात. घर बांधून झालं की परांची उतरवावी, तसं. विशाखाला शोधायचं होतं, हे पचवणं कोणत्या दिवशी आणि कोणत्या पेशीत सुरू होतं.

"पेशी पचनाला लागली की तिच्यात एक पाचकरस वाढतो," ती म्हणाली. "मी गर्भाचे पातळ काप शिशाच्या द्रावणात ठेवते. जिथे पाचकरस असेल तिथेच शिसं साचतं. मग सल्फाइडमध्ये बुडवलं की तिथे काळा ठिपका उमटतो. बत्तीस पट्ट्यांवर असे ठिपके होते. उरलेल्या नऊ पडताळ्याच्या. त्यांत फ्लोराइड घालून पाचकरस मुद्दाम बंद पाडला होता, त्या कोऱ्याच असायला हव्यात."

"आणि कोश कोण आणतं?"

आता कुठे ती हसली. "आई. देवळालीच्या गोठ्यांमागचे उकिरडे चाळणीने चाळते. कोशाच्या रंगावरून किती दिवसांचा गर्भ ते सांगते. पिवळट असला तर नवा, लालसर झाला तर फुटायला आला. मी कापून बघते तर तिचं एका दिवसानेही चुकलेलं नसतं."

ती आई म्हणजे सुलाबाई. शाळेचं तोंड न पाहिलेली. वडील सावळीराम दोंदे नाशिकरोडला रेल्वेत गँगमन. मला त्या बाईचा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू.

"पट्ट्या तू शेवटच्या कधी पाहिल्यास?"

"दिवाळीच्या सुट्टीआधी. सगळे ठिपके जागच्या जागी होते. मग विभागप्रमुख खैरनार सरांच्या कपाटात कुलूपबंद केल्या, त्या एकदम वर्टी सरांपुढेच उघडल्या. नंतर मला हातही लावू दिला नाही."

तिच्या टेबलावर काचेच्या बाटल्यांमध्ये स्वस्तातल्या लाल नेलपॉलिशची एक बाटली होती. विशाखाची नखं मात्र कोरी, कापून बोथट केलेली. मी काही विचारणार, तेवढ्यात तीच बोलली.

"मॅडम, माझी नोंदणी गेली तर मी शिकवण्या करीन, पोट भरेल. पण आमच्या रेल्वे कॉलनीतल्या सात मुलींनी यंदा सायन्स घेतलंय. मी खोटी ठरले तर त्यांच्या तोंडावर लोक काय म्हणतील, ते तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. मी उठले, कारण आणखी बसले असते तर रडणारी मीच असते.

"त्या कपाटाच्या किल्ल्या कितीजणांकडे आहेत?" दारातून मी विचारलं.

"तिघांकडे," ती म्हणाली.

३

पहिली किल्ली प्रा. गायधनींकडे. सुट्टीत विभाग त्यांच्या ताब्यात होता. माणूस हुशार, पण दुसऱ्याच्या कामाला नाक मुरडायची सवय हाडीमाशी खिळलेली.

"पेशी स्वतःलाच खाते म्हणे!" ते म्हणाले. "बाई, मी पंचवीस वर्षं गांडुळं कापतोय. मला नाही कधी कोणी स्वतःला खाताना दिसलं."

"तुम्ही शोधलंत कधी?"

त्यांनी विषय बदलला. "त्या मुलीच्या टेबलावर नेलपॉलिश असतं, पाहिलंत? प्रयोगशाळा आहे की ब्यूटी पार्लर?"

"सुट्टीत तुम्ही कपाट उघडलंत?"

"मी कशाला उघडू? सही करायला दोनदा आलो, तेवढंच. कोंडाजी रोज यायचा, त्याला विचारा. आणि हे पाहा, मला तिचं काम पटत नाही हे मी तोंडावर सांगतो. पाठीमागून पट्ट्या पुसायला मी काय चोर आहे?"

तोंडावर अपमान करणारी माणसं पाठीमागून क्वचितच काही करतात, असा माझा अनुभव आहे. पण अनुभव म्हणजे पुरावा नव्हे.

दुसरी किल्ली डॉ. खैरनारांकडे. ते विशाखाचे मार्गदर्शक, माझ्याच बागलाण भागातले. ते माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत बोलत होते.

"मुलगी चांगली आहे हो. पण पुराव्यापुढे मी काय बोलणार?"

"तुमच्या विद्यार्थिनीचे ठिपके तुम्ही स्वतः पाहिलेत ना? मग वर्टींना तसं का सांगितलं नाहीत?"

मी त्यांच्या टेबलावरचं कॉलेजाचं परिपत्रक उचलून पुढे केलं. "हे जरा वाचता?"

त्यांनी कागद हातभर लांब धरला, मग नाकाशी आणला आणि खाली ठेवला. मग गावाकडच्या बोलीत हळूच म्हणाले, "माले दिसत नई, बाई."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. वर्षभर त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावलाच नव्हता. विशाखा दाखवायची आणि ते "छान, छान" म्हणायचे. शस्त्रक्रियेची भीती वाटत होती, आणि कळलं तर विभागप्रमुखपद जाईल ही भीती त्याहून मोठी. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. पण ज्याला पट्टीवर काय आहे हेच दिसत नाही, तो त्यावरचे नेमके ठिपके काय पुसणार?

उरली तिसरी किल्ली. ती होती कोंडाजीमामांकडे, आणि त्यांच्यावर संशय घ्यायला माझं मन अजिबात तयार होत नव्हतं.

४

कोंडाजी भोर, घोटीकडचे. एकतीस वर्षं प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई, दोन महिन्यांनी निवृत्त होणार. पट्ट्या तयार करण्यात त्यांचा हात धरणारा नाशकात दुसरा नाही. त्यांनी मला आधी त्यांचं कपाटच दाखवलं.

"ही बघा बाई, बावन्न सालची." त्यांनी एक पट्टी उजेडात धरली. "झायलॉलमधून काढायची, मंग बाल्समचा डिंक घालून काच बसवायची. पक्की पट्टी. तीस वर्सं झाली, हाय तशी हाय. म्या मेलो तरी ऱ्हाईल."

"मामा, विशाखाच्या पट्ट्या कोणी खराब केल्या?"

त्यांचा चेहरा पडला. "खराब? कोनी बी नाय खराब केल्या. समदे हेच इचारत्यात. त्या मुंबईच्या साहेबाला काय खराब दिसलं, कोन जाने." आणि ते पाठ फिरवून आधीच स्वच्छ असलेलं टेबल पुसायला लागले.

दुखावलेला माणूस आणि लपवणारा माणूस पाठमोरे सारखेच दिसतात. मी तिथून विशाखाच्या खोलीत गेले आणि तिच्या टेबलाचे खण एकेक करून उपसले. तळाच्या खणात, मोडक्या काचांच्या खोक्यात, एक पट्टी सापडली. वरची काच कोपऱ्यात तडकलेली, आणि काचेभोवती लाल नेलपॉलिशची किनार.

"हिचं काय?" मी विचारलं.

"ती तडकली म्हणून मी बाजूला टाकली होती," विशाखा म्हणाली. "बेचाळिसावी."

आम्ही ती सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. मी डोळा लावला. गर्भाच्या फिक्या कापात सात काळे ठिपके होते, शाईने टिंबं द्यावीत तसे.

विशाखाने पाहिलं आणि ती भिंतीला टेकली. "आहेत," ती म्हणाली. "मॅडम, आहेत."

गायधनींना मी मुद्दाम बोलावून दाखवली. त्यांनी बराच वेळ पाहिलं, मग म्हणाले, "ही एक पट्टी तिने काल रात्री रंगवली नसेल कशावरून?"

माणूस खडूस, पण प्रश्न चोख होता. त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे दोन दिवस उरले होते.

५

मी घरी जाऊन चहा केला आणि एकाच गोष्टीचा विचार करत बसले. ही एक पट्टी का वाचली?

ज्याला विशाखाचं वाईट करायचं होतं, तो पुरावा मागे ठेवील का? तो खण उपसून ही पट्टी आधी फोडील. ज्याने हिला हात लावला नाही, त्याला ही हात लावण्याच्या लायकीची वाटली नाही, कारण ती तडकलेली होती. म्हणजे बाकीच्या एक्केचाळीस पट्ट्यांना कोणीतरी फार आस्थेने हात लावला होता.

मग ती लाल किनार. तडकलेल्या पट्टीवर ती होती, पेटीतल्या एकाही पट्टीवर नव्हती. मी विशाखाकडे जाऊन विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मी पट्ट्या ग्लिसरीनच्या जेलीत बसवते, आणि जेली वाळू नये म्हणून कडेला नेलपॉलिश लावते. झायलॉल आणि बाल्सम मला चालतच नाही. त्यात शिशाचा काळा रंग टिकत नाही, हळूहळू उडून जातो. त्या दिवशी मी नुसता डोळा लावला, कडांकडे बघायचं भानच नव्हतं."

मला माझ्याच कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. काळं शिसं बदलून पांढरं होतं, हे मी सव्वीस वर्षं मुलांना शिकवत आले आहे. ठिपके कोणी पुसलेच नव्हते. दोन महिन्यांत ते आपोआप पांढरे होऊन दिसेनासे झाले होते, कारण कोणीतरी पट्ट्या उघडून त्या बाल्सममध्ये पक्क्या बसवल्या होत्या. इतक्या लख्ख, इतक्या सुबक, की हे हात नाशकात एकाचेच असू शकत होते.

शुक्रवारी दुपारी मी कोंडाजीमामांसमोर स्टूल ओढून बसले. सगळ्यांनी विचारलेला प्रश्न मी या वेळी विचारला नाही.

"मामा, सुट्टीत विशाखाताईच्या पट्ट्या पक्क्या कोणी केल्या?"

त्यांची मान ताठ झाली. "म्याच केल्या."

"का?"

"कच्च्या व्हत्या बाई. कडंला नखाचा लाल रंग फासलेला. गायधनी सर हसायचे. म्हनलं मुंबईचा साहेब येनार, आपल्या पोरीचं काम पक्कं दिसाया पायजे. एकवीस दिस बसलो. एक काप फाटू दिला नाय. ताईला सांगनार व्हतो, पर म्हनलं साहेबानं वाखानल्यावर सांगू."

"मग आता का नाही सांगितलंत?"

"समदे म्हनाया लागले पट्ट्या खराब केल्या. म्या तर चांगल्या केल्या! वाटलं, साहेबाला माजा हात पसंत पडला नाय. एकतीस वर्सांत पैल्यांदाच. लाज वाटली."

मी त्यांना सावकाश सगळं सांगितलं. ठिपका म्हणजे काय, तो का गेला आणि त्याने विशाखाचं काय होणार होतं. एकतीस वर्षांत हजारो पट्ट्या करणाऱ्या या माणसाला त्या पट्टीत काय आहे, हे कोणी कधी दाखवलंच नव्हतं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मंग आता?" ते म्हणाले. "गेलेलं परत येत नाय ना?"

"येतं बहुतेक," मी म्हणाले. "पण त्याला तुमचेच हात लागतील."

६

शनिवारी डॉ. वर्टी आले तेव्हा प्रयोगशाळेत प्राचार्य, खैरनार, गायधनी, विशाखा, कोंडाजीमामा आणि मी, सगळे होतो. मी सरळ मुद्द्यावर आले.

"पांढरं झालेलं शिसं जागेवरच आहे, साहेब. ते पुन्हा सल्फाइडमध्ये बुडवलं तर पुन्हा काळं व्हायला हवं. आधी जिथे ठिपका होता तिथेच, दुसरीकडे कुठेही नाही. पट्ट्या तुम्ही निवडा, आणि चिठ्ठ्यांवर कागद लावा. कोणती कुठली आहे ते आम्हाला कळायला नको."

वर्टींनी चार पट्ट्या निवडल्या, चिठ्ठ्यांवर स्वतः कागद चिकटवले. "पण पट्ट्या उघडणार कोण? काप फाटले तर काहीच उरणार नाही."

कोणी काही बोलायच्या आत कोंडाजीमामा पुढे झाले. मी त्यांचं नाव घेणार नव्हते, तसं त्यांना सांगितलंही होतं. पण त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, ह्या म्याच बिघडवल्या. चांगलं कराया गेलो. उघडनार बी म्याच."

वर्टींनी नुसती मान हलवली.

पट्ट्या झायलॉलमध्ये ठेवल्या. बाल्सम विरघळायला दुपारचे दोन वाजले. कोणी जेवायला गेलं नाही. मग मामांनी चिमटा घेऊन वरची काच सरकवत सरकवत काढली. साठीचा माणूस, पण हात तसूभरही हलला नाही. चारी काप जसेच्या तसे. त्या हातांकडे बघताना मला आमच्या कॉलेजचा जितका अभिमान वाटला, तितका कोणत्याही निकालाच्या दिवशी वाटला नव्हता.

पट्ट्या धुऊन झाल्यावर विशाखाने मी बनवलेलं सल्फाइड ओतलं. सडक्या अंड्यांचा वास खोलीभर पसरला. प्राचार्यांनी रुमाल नाकाला लावला. विशाखा मनात सेकंद मोजत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते.

वर्टी सूक्ष्मदर्शकापाशी बसले. पहिली पट्टी त्यांनी दहा मिनिटं पाहिली. मग न बोलता हात मागे केला, विशाखाने त्यात नोंदवही दिली. चित्र आणि पट्टी, पट्टी आणि चित्र. दुसरी. तिसरी. चौथी.

"तिघींवर ठिपके आहेत," ते शेवटी म्हणाले. "चित्रात आहेत तिथेच, एकही कमीजास्त नाही. चौथी कोरी आहे."

"चौथीवरचा कागद काढा," विशाखा म्हणाली.

त्यांनी काढला. चिठ्ठीवर तिच्या अक्षरात लिहिलं होतं : फ्लोराइड, पडताळा.

सगळ्यांत आधी गायधनी पुढे आले. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ लावला. "पंचवीस वर्षं," ते पुटपुटले. "मी शोधलंच नाही." मग विशाखाकडे वळून मोठ्याने म्हणाले, "दोंदे, मी चुकलो." खैरनारांनी तिथेच प्राचार्यांना सांगितलं की सोमवारपासून आपल्याला डोळ्यांसाठी रजा हवी. मी मनातल्या मनात दोघांचे शंभर गुन्हे माफ केले.

विशाखाने कोंडाजीमामांचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं. "मामा, आधी तुम्ही बघा."

त्यांना कुठला डोळा मिटायचा तेच कळेना. तिने शिकवलं. मग ते तसेच वाकून राहिले.

डॉ. वर्टींनी घसा साफ केला. "मिस दोंदे, ते लाल शाईचं पान फाडून टाका. मी नव्या पानावर नवा शेरा देतो. तो जुना शेरा कोणाच्या नजरेस पडायला नको."

"नको सर," विशाखा म्हणाली. आवाज शांत होता, पण खाली बघून बोलत नव्हती. "अकरा तारखेला तुम्हाला ठिपके दिसले नाहीत, हे खरंच आहे. माझ्या वहीत खरं असलेलं काही मी फाडत नाही. फक्त ‘काल्पनिक’ हा तुमचा अंदाज होता. आज काय दिसलं ते त्याच्या खाली लिहा. वाचणाऱ्याला दोन्ही कळू देत."

मुंबईच्या एवढ्या मोठ्या माणसाला, त्याच्याच सहीखाली स्वतःची चूक लिहायला सांगणारी ती गँगमनची मुलगी माझ्यासमोर उभी होती, आणि माझा ऊर भरून आला. तिला शिकवणारी मी नव्हते, याचं वाईटसुद्धा वाटलं.

वर्टींनी खिशातलं पेन काढलं आणि बसायला जागा शोधली. खुर्ची एकच होती. तिच्यावर कोंडाजीमामा बसले होते, डोळा अजून सूक्ष्मदर्शकाला लावलेला, आणि त्यांना उठा म्हणायची कोणाचीच तयारी नव्हती. डॉ. वर्टींनी वही टेबलाच्या कडेवर ठेवली आणि उभ्यानेच लिहायला घेतलं.